घाटरस्त्यांचा सम्राट : हान्स श्टुक

मोटारशर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गोल गोल फिरणाऱ्या गाड्या, गच्च भरलेली प्रेक्षागारे आणि शेवटी उडणारे शॅम्पेनचे फवारे येतात. युरोपात मात्र या खेळाचा एक जुना आणि अधिक निर्दय प्रकार आहे. डोंगराच्या पायथ्याशी गाडी उभी करायची, घड्याळ सुरू व्हायचे आणि माथ्यापर्यंतचा घाट शक्य तितक्या कमी वेळात चढून जायचे. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. झुंज घड्याळाशी आणि रस्त्याशी. वर्तुळाकार मार्गावर एका फेरीत हुकलेले वळण पुढच्या फेरीत सुधारून घेता येते. घाटात प्रत्येक वळण एकदाच भेटते आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या एका अंगाला कडा, तर दुसऱ्या अंगाला दरी असते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या प्रकारात ज्याच्या नावाचा दबदबा होता आणि ज्याला जर्मन माणसे पहाडांचा राजा म्हणत, तो हान्स श्टुक.

श्टुकचा जन्म २७ डिसेंबर १९०० रोजी वॉर्सा येथे झाला. घराणे मूळचे स्वित्झर्लंडचे, पुढे जर्मनीत फ्रायबुर्ग परिसरात स्थिरावलेले. पहिल्या महायुद्धात तो कोवळ्या वयात लढला. थोरला भाऊ वॉल्टर त्याच युद्धात कामी आला. शांतता झाल्यावर या तरुणाने शेती आणि दुभत्या जनावरांचा व्यवसाय धरला. पहाटेच्या अंधारात शेतावरचे दूध मोटारीत भरून म्युनिकला पोहोचवणे हा त्याचा नित्यक्रम झाला. पुढे साऱ्या युरोपाने ज्याचे कौतुक केले ते गाडीवरचे प्रभुत्व या दुधाच्या फेऱ्यांत घडले. १९२३ साली बाडेन-बाडेनच्या चढणीवर त्याने पहिली शर्यत जिंकली आणि हळूहळू दूध मागे पडले.

ऑस्ट्रियातील ऑस्ट्रो-डाइम्लर या कंपनीने १९२७ मध्ये त्याला आपला अधिकृत चालक केले. आल्प्समधले घाट तेव्हा डांबरी नव्हते. खडी, माती, वितळलेल्या बर्फाचे ओहोळ आणि केसाच्या आकड्यासारखी वळणे. अशा रस्त्यावर नुसते धाडस उपयोगी पडत नाही. कोणत्या वळणावर खडी सैल आहे, कुठे चाक आतल्या कडेला टेकवायचे आणि कुठे गाडीची शेपटी मुद्दाम घसरू द्यायची, हे सारे पाठ असावे लागते. श्टुकची स्मरणशक्ती या बाबतीत विलक्षण असली पाहिजे. एरवी वर्षामागून वर्षे, देशामागून देश, इतके निरनिराळे डोंगर त्याने जिंकले नसते.

१९३० मध्ये तो इंग्लंडमधील शेल्सली वॉल्श या गावी आला. तिथला चढ अवघा हजार यार्डांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने किलोमीटरभरही नाही. एवढ्याशा अंतरासाठी अर्धे युरोप ओलांडून आलेल्या या उंचापुऱ्या पाहुण्याने तो चढ ४२.८ सेकंदांत पार केला आणि तेथील जुना विक्रम मोडीत काढला. १९३३ पर्यंत तो कुणालाही खाली खेचता आला नाही. त्याच १९३० साली श्टुक शर्यतीच्या गाड्यांच्या गटात युरोपचा पर्वत-विजेता ठरला. पुढे ऑस्ट्रो-डाइम्लरने शर्यतींमधून अंग काढून घेतले, तेव्हा तो मर्सिडीजच्या अजस्र एसएसकेएल गाडीकडे वळला आणि १९३२ मध्ये त्या गाडीवरही त्याने तोच मान मिळवला.

इथून पुढची कथा केवळ खेळाची राहत नाही. १९२५ मध्ये शिकारीच्या निमित्ताने श्टुकची गाठ एका राजकीय पुढाऱ्याशी पडली होती, असे सांगितले जाते. तो पुढारी अॅडॉल्फ हिटलर. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा ही ओळख कामास आली. अभियंता फर्डिनांड पोर्श यांच्याजवळ एका अभिनव शर्यत-गाडीचा आराखडा तयार होता आणि चार कंपन्यांच्या विलीनीकरणातून जन्मलेली ऑटो युनियन ती बांधायला उत्सुक होती. सरकारी अनुदान केवळ मर्सिडीजला न मिळता या नव्या संस्थेलाही मिळावे म्हणून जी शिष्टाई झाली, तीत श्टुकचा हात होता. गाड्या वेगवान झाल्या, विक्रम झाले. पण त्या विजयांच्या खर्चाची पावती कोणाच्या नावे फाटत होती हे त्याला ठाऊक नव्हते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

पोर्श यांची गाडी मात्र खरोखरच अद्भुत होती. सोळा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेले, त्यामुळे सारे वजन मागच्या चाकांवर. सपाट मार्गावर वेगाने वळताना ही रचना अनेक कसलेल्या चालकांना दगा देई. शेपटी केव्हा फिरेल याचा नेम नसे. घाटात हेच वजन वरदान ठरले. चढावर मागची चाके रस्ता घट्ट धरून ठेवत आणि खडीवरही शक्ती वाया जात नसे. पकड आणखी वाढावी म्हणून मागे प्रत्येक बाजूला जोडचाके लावण्याची युक्तीही पुढे करण्यात आली.

१९३४ हे वर्ष श्टुकचे होते. मार्चमध्ये बर्लिनच्या आव्हुस मार्गावर त्याने तासभर सरासरी २१७ किलोमीटर वेग राखून जागतिक विक्रम केला. त्यानंतर जर्मन, स्विस आणि चेकोस्लोव्हाक अशा तीन ग्राँ प्री त्याने जिंकल्या आणि युरोपचे पर्वत-विजेतेपदही पटकावले. चालकांसाठीची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा नेमकी त्या वर्षी भरवलीच गेली नव्हती. भरली असती तर ती कोणाकडे गेली असती याविषयी जाणकारांत फारसे दुमत नाही. त्याच उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या क्लाउसेन खिंडीतील एकवीस किलोमीटरच्या चढणीवर मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराचिओलाने त्याला मागे टाकले, तेही पाव तासाच्या झुंजीनंतर अवघ्या काही सेकंदांनी. क्लाउसेनची ती शर्यत त्या मालिकेतील शेवटची ठरली.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट चालू असताना घरात मात्र भीतीचे सावट होते. श्टुकची दुसरी पत्नी पाउला फॉन रेझनिचेक ही नामवंत टेनिसपटू आणि पत्रकार. १९३२ मध्ये त्यांचा विवाह झाला. तिचे आजोबा ज्यू होते. नव्या राजवटीच्या वांशिक कायद्यांत एवढे कारण पुरेसे होते. ज्या ओळखीने श्टुकला गाडी मिळवून दिली, तीच ओळख आता त्याच्या बायकोभोवतीचे कुंपण झाली. अशी ओळख नसलेल्या हजारो कुटुंबांचे काय झाले हे आपण जाणतो. श्टुकच्या चरित्रातले हे पान वाचताना त्याचा रागही येतो आणि त्याच्या जागी आपण काय केले असते हा प्रश्न सोडवत नाही.

१९३५ मध्ये त्याने इटालियन ग्राँ प्री जिंकली आणि इटलीतील महामार्गावर बंदिस्त गाडीतून ताशी सुमारे ३२० किलोमीटरचा वेग गाठला. पण त्याच वर्षी ऑटो युनियनमध्ये बर्न्ड रोजमायर नावाचा तरुण आला. मोटारसायकलवरून थेट या अवघड गाडीत बसलेल्या या मुलाला तिच्या खोड्या खोड्या वाटतच नसत. फ्रायबुर्गजवळची शाउइन्सलांटची बारा किलोमीटरची चढण म्हणजे श्टुकचे जणू अंगण. १९३६ आणि १९३७ मध्ये रोजमायरने तिथेही बाजी मारली. १९३६ मध्ये श्टुक ऑटो युनियन घेऊन शेल्सलीला परत गेला तेव्हा पावसाने तो अरुंद रस्ता चिखलाने माखला होता. पाचशे अश्वशक्तीची चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि सहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच वेळेपेक्षा सहा सेकंद अधिक लागले.

त्यानंतर संघाशी त्याचे बिनसले. २८ जानेवारी १९३८ रोजी रोजमायर वेगाच्या विक्रमाचा प्रयत्न करताना महामार्गावर ठार झाला. बाहेर पडलेला श्टुक त्या वर्षीच पुन्हा संघात परतला. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोकनरच्या नव्या रस्त्यावर जर्मनीची मुख्य पर्वत-शर्यत झाली. ऑस्ट्रिया त्या मार्चमध्ये जर्मनीने गिळंकृत केला होता, म्हणूनच ती शर्यत तिथे होऊ शकली. श्टुकने ती जिंकली आणि विजेतेपद पुन्हा त्याच्याकडे आले.

आता त्याच्या डोक्यात एकच ध्यास होता, जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम. त्याने मर्सिडीजला पटवले, पोर्श यांच्याकडून आराखडा करवून घेतला आणि हवाई दलातील अर्न्स्ट उडेट यांच्यामार्फत विमानाच्या इंजिनाची सोय केली. सहा चाकांची, सुमारे तीन हजार अश्वशक्तीची ती टी-८० नावाची गाडी १९३९ मध्ये जवळजवळ सिद्ध झाली आणि सप्टेंबरात महायुद्ध पेटले. गाडी एकदाही विक्रमासाठी धावली नाही. तिचा सांगाडा श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात जपला गेला.

युद्ध संपले तेव्हा श्टुक पंचेचाळिशीकडे झुकला होता. जर्मन चालकांना आंतरराष्ट्रीय शर्यतींत मज्जाव होता. त्याने ऑस्ट्रियाचे नागरिकत्व मिळवून वाट काढली. वाट काढण्याची ही हातोटी त्याला जन्मभर पुरली. एएफएम या छोट्या जर्मन गाडीवर तो फॉर्म्युला वनमध्येही उतरला, परंतु गुण काही मिळाले नाहीत. पाउलाशी काडीमोड झाला होता. ख्रिस्टा थीलमन हिच्याशी झालेल्या तिसऱ्या विवाहातून १ जानेवारी १९५१ रोजी मुलगा जन्मला, हान्स-योआखिम.

आणि मग, सगळ्यांनी त्याला इतिहासजमा केल्यावर, म्हातारा पुन्हा डोंगरावर गेला. बीएमडब्ल्यूची ७०० ही गाडी म्हणजे मागे दोन सिलिंडरांचे, मोटारसायकलच्या वंशातले चिमुकले इंजिन. सोळा सिलिंडरांचा राक्षस हाताळलेल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर हे खेळणे घेऊन १९६० चे जर्मन पर्वत-विजेतेपद मिळवले. पहिल्या विजयाला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. आमच्या मते त्याच्या साऱ्या कर्तृत्वात हाच विजय सर्वांत निखळ. त्यामागे ना सरकारी तिजोरी होती, ना कोणाची मर्जी.

उरलेल्या वर्षांत त्याने न्यूरबर्गरिंगवर चालकांना शिकवले आणि त्यांत स्वतःच्या मुलालाही. तिथल्या पहिल्या चोवीस तासांच्या शर्यतीत, १९७० साली, एकोणीस वर्षांच्या हान्स-योआखिमने सहकाऱ्यासह विजय मिळवला. १९७७ मध्ये मुलगा जर्मन आणि ऑस्ट्रियन ग्राँ प्रीमध्ये तिसरा आला, तोही बापाने पाहिला. ९ फेब्रुवारी १९७८ रोजी आल्प्सच्या पायथ्याशी ग्रायनाऊ येथे हान्स श्टुकचे निधन झाले.

ल माँची चोवीस तासांची शर्यत मुलाने १९८६ आणि १९८७ मध्ये लागोपाठ जिंकली, ती पोर्शच्या गाडीवर. १९९० मध्ये जर्मन टूरिंग मोटारींचे अजिंक्यपद त्याने ऑडीवर मिळवले. ऑडी ही ऑटो युनियनची वारसदार, चार कड्यांचे बोधचिन्हही तेच. २०११ मध्ये न्यूरबर्गरिंगवर तो योहानेस आणि फर्डिनांड या आपल्या दोन मुलांसह एकाच गाडीत आळीपाळीने बसला. वडिलांच्या काळातली सोळा सिलिंडरांची रुपेरी ऑटो युनियनही त्याने जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत अनेकदा चालवली.