डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ

जुलै १८८८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला व त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातील सभेत जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली होती. त्या गौरवाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. वय एकसष्ट. तालमीत दांडपट्टा खेळलेले शरीर अंथरुणाला खिळले. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा हातच निकामी झाला.

डॉ. विश्राम रामजी घोले या स्नेह्यांनी औषधोपचार केले. सेवाशुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. १८४८ साली मुलींची शाळा काढल्यापासून प्रत्येक संकटात ही माउली पतीशेजारी उभी होती, तशी आताही राहिली. घरची स्थिती मात्र ओढगस्तीची झाली होती. एके काळी बांधकामाची मोठी कंत्राटे घेणाऱ्या जोतीरावांपाशी फार काही उरले नव्हते. १८९० साली मामा परमानंदांना त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहावे लागले.

बंधुभगिनींनो, पक्षाघाताचा रोगी आपल्या वस्तीत आपण पाहिलेला असतो. त्याची खाट पडवीत जाते. औषध, भाकरी वेळेवर मिळते, पण घरात सोयरीक ठरताना त्याला कोणी विचारीत नाही. हळूहळू तोही स्वतःला विचारेनासा होतो. हे दुसरे लुळेपण शरीराच्या लुळेपणाहून वाईट, असे मला वाटते. जोतीरावांनी ते आपल्याला शिवू दिले नाही.

ते डाव्या हाताने लिहू लागले. हे वाक्य वाचायला सोपे आहे. घरातल्या शाळकरी मुलाला डाव्या हाताने पाटीवर पाच ओळी लिहायला सांगा, म्हणजे त्यातले कष्ट कळतील. साठी उलटलेल्या, अर्ध्या अंगाने पांगळ्या माणसाने अशी एकेक ओळ जोडीत ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८८९ साली पुरे केले. याच आजारपणात, फेब्रुवारी १८८९ मध्ये, त्यांनी दत्तकपुत्र यशवंतचा विवाह सत्यशोधक पद्धतीने लावला. भटजीवाचून.

या ग्रंथात रडगाणे नाही. प्रश्नोत्तरांच्या रूपाने ते स्त्री-पुरुष समतेविषयी बोलतात आणि जन्म, लग्न, अंत्यविधी भटाविना कसे करावेत ते सांगतात. एके ठिकाणी त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे की ज्यात पत्नी बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होतो, आणि तरीही सर्वजण एकमेकांवर प्रेम करीत एका छपराखाली नांदतात. ज्या घरांत मुलाने दीक्षा घेतली आणि आजीचे देव अजून देव्हाऱ्यात आहेत, त्यांनी हे पान अवश्य वाचावे. जोतीराव ‘निर्मिक’ मानीत, आपला धम्म तो मानीत नाही, हा फरक खराच. पण बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर तिसरे गुरू म्हणून फुल्यांचेच नाव घेतले.

आपल्या देहाचे काय करावे, हेही त्यांनी धडधाकट असतानाच, १८८७ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. दहन नको, मिठात घालून पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा नगरपालिकेने वस्तीत पुरण्यास परवानगी दिली नाही व दहन करावे लागले. दत्तक मुलाच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः हाती घेतले आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या.

डाव्या हाताने लिहिलेला तो ग्रंथ छापलेला पाहणे मात्र जोतीरावांच्या वाट्याला आले नाही. यशवंतरावांनी तो १८९१ साली प्रसिद्ध केला.