रणांगणावरचे रुग्णालय : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

नागपूरहून मध्य प्रदेशाच्या सीमेकडे निघालेला महामार्ग चाळीसेक किलोमीटरवर सावनेर गाठतो. रात्रंदिवस वाहणारी ट्रकची रांग, परिसरातील कोळशाच्या खाणी आणि सभोवार पसरलेली संत्री-कपाशीची शेती, असा हा तालुका. अशा ठिकाणी महामार्गावरचा जखमी, खाणीत दुखापत झालेला कामगार किंवा सर्पदंश झालेला शेतकरी यांच्या दृष्टीने पहिला तास निर्णायक असतो. त्या तासात समोर उभा असलेला डॉक्टर बहुधा कोणत्याही एका शाखेचा तज्ज्ञ नसतो. आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून आपल्या देशात २००९ मध्ये मान्यता मिळाली. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ऐच्छिक सत्रांचीही सोय झाली. या शाखेकडे वळू इच्छिणाऱ्या सावनेरसारख्या गावच्या विद्यार्थ्यापुढे तेव्हापासून एक प्रश्न उभा आहे. हाती असलेले मोजके आठवडे कोणत्या विभागात घालवावेत? या प्रश्नाचा विचार करताना ज्याला निवडीची कोणतीही यादी मिळाली नाही आणि ज्याचा सारा अभ्यासक्रम युद्धानेच ठरवला, अशा एका मराठी शल्यविशारदाचे चरित्र डोळ्यांपुढे येते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. डॉक्टर होण्याची आकांक्षा बालपणापासूनची. त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेले हे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा हा आग्रह स्थापनेमागे होता. त्यामुळे त्या वातावरणात वैद्यकाबरोबरच राष्ट्रीय भावनेचेही शिक्षण मिळत असे. पदवीनंतर कोटणीस शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीला लागले. एखाद्या मोठ्या रुग्णालयात नोकरी, पुढे स्वतःचा दवाखाना, असा सरळ मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय मदतीची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. निधी जमला, औषधे जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींची शुश्रूषा केलेली होती. उपप्रमुखपद आपल्या नागपूरच्या डॉ. मो. रा. चोळकर यांच्याकडे होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस हे उरलेले तिघे. पदव्युत्तर परीक्षेचा विचार बाजूला सारून कोटणीसांनी नाव दिले तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही नव्हते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले.

कॅन्टन, वुहान, चोंगकिंग अशी मजल दरमजल करीत पथक पुढे सरकत होते आणि मागे एकेक शहर जपान्यांच्या हाती पडत होते. बॉम्बवर्षावात जखमी झालेल्या नागरिकांवर उपचार करण्यापासूनच त्यांच्या कामाचा आरंभ झाला. चोंगकिंगमध्ये पाचही जणांनी आपापल्या नावांना चीनदर्शक ‘हुआ’ हे अक्षर जोडले. कोटणीसांचे ‘के दीहुआ’ झाले. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची वार्ता त्यांना कळली. परत फिरण्यास कोणाचा आक्षेप नव्हता आणि घरी त्यांची गरजही होती. तरीही त्यांनी पुढची वाट धरली. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक साम्यवादी फौजांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचले. काही काळातच डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी मायदेशी परतले. १९४० मध्ये डॉ. अटलही परतले. कोटणीस आणि बसू मात्र मागे राहिले.

येनानमधून दोघे आघाडीच्या प्रदेशात गेले. त्या डोंगराळ मुलखात कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांनी एक नवी रीत रुजवली होती. जखमी सैनिक रुग्णालयापर्यंत पोहोचेस्तोवर प्राण गमावतो, म्हणून रुग्णालयानेच त्याच्याकडे जावे, हे तिचे सूत्र होते. शस्त्रक्रियेची साधने खेचरांवर लादून पथक लढाईच्या जवळ न्यायचे आणि शेतकऱ्याच्या घरात किंवा देवळात टेबल मांडायचे, असा तो परिपाठ. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषार पसरून बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले. त्यांचे काम पुढे नेण्याची जबाबदारी कालांतराने कोटणीसांच्या खांद्यावर आली.

१९४० च्या उत्तरार्धात आठव्या मार्ग सेनेने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. त्या मोहिमेत कोटणीस आघाडीवरच्या शस्त्रक्रिया केंद्रात होते. आठशेहून अधिक जखमी त्यांच्या हाताखालून गेले. एका प्रसंगी ते सलग ७२ तास विश्रांतीशिवाय शस्त्रक्रिया करीत राहिले. येथे हाडाचा वेगळा डॉक्टर नव्हता, पोटाचा वेगळा नव्हता. एका जखमीचा रक्तस्राव थांबवायचा, दुसऱ्याचे मोडलेले हाड बांधायचे आणि तिसऱ्याच्या उदरातील गोळी काढायची, हे सारे एकाच हातांनी करायचे होते. कोणाला आधी घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हा सर्वांत कठीण निर्णयही त्याच डॉक्टराने क्षणार्धात घ्यायचा होता. मुंबईच्या रुग्णालयात अनेक वर्षांच्या उमेदवारीने जे हळूहळू अंगी आले असते, ते येथे दिवसांच्या हिशेबाने शिकावे लागले.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. त्यांच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग कदाचित येथूनच सुरू होतो. एकटा शल्यविशारद कितीही जागला तरी आघाडी सांभाळू शकत नाही, हे त्यांना उमगले होते. चिनी भाषा त्यांनी आधीच परिश्रमपूर्वक आत्मसात केली होती. त्या भाषेतून ते रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय विद्यालयात शिकवू लागले. विद्यार्थ्यांना उपयोगी पुस्तके नाहीत हे पाहून त्यांनी शल्यचिकित्सेवरील पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र यिनहुआचा जन्म झाला.

या उज्ज्वल कथेला एक दुखरी कड आहे. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. सहकाऱ्यांनी विश्रांतीचा आणि अन्यत्र जाऊन उपचार घेण्याचा आग्रह धरला. पण त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातील एका खेड्यात तीव्र झटक्यानंतर त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वय अवघे ३२ वर्षांचे होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता आणि दुसरे पाठ्यपुस्तक अपुरे राहिले होते.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांचे नाव घराघरात पोहोचवले. चीनमध्ये शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात बेथून यांच्यासमवेत त्यांचे स्मारक आहे आणि सोलापुरातही त्यांचे स्मारक उभे राहिले आहे. त्यांच्याकडे त्यागाची मूर्ती म्हणून पाहण्याची आपली सवय योग्यच आहे. मात्र वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे शिक्षणक्रम म्हणूनही पाहावे.

आजच्या इंटर्नला २०२१ च्या नियमावलीनुसार अपघात विभागात दोन आठवडे आणि भूलशास्त्र व अतिदक्षता विभागात दोन आठवडे मिळतात. एवढ्याने आपत्कालीन वैद्यक हाती येत नाही. ऐच्छिक सत्रे पुन्हा अपघात विभागातच घालवावीत, असा मोह होणे स्वाभाविक आहे. कोटणीसांची आघाडी वेगळे सुचवते. त्या टेबलावर लागणारी कौशल्ये आज निरनिराळ्या विभागांत विखुरलेली आहेत. श्वासमार्ग मोकळा ठेवणे भूलतज्ज्ञाजवळ शिकता येते, मोडलेले अवयव सांभाळणे अस्थिरोग विभागात, प्रसूतीतील रक्तस्राव रोखणे प्रसूतिगृहात, तर आटत चाललेल्या बालकाला सावरणे बालरोग विभागात. सर्पदंश आणि विषबाधेचे रुग्ण वैद्यक विभागात पाहायला मिळतात. ज्या विभागात आपला हात कच्चा आहे तो विभाग आधी निवडावा, हा त्यातला व्यवहार. आणि काही दिवस तरी मोठ्या शहराबाहेरच्या, साधने मोजकी असलेल्या रुग्णालयात काढावेत. तेथे काय नाही हे कळते आणि नसलेल्यावाचून काय करता येते हेही कळते.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. दुसऱ्यांचा जीव वाचवण्याची घाई ज्याच्या अंगात भिनते, तो स्वतःच्या दुखण्याकडे पाहीनासा होतो. युद्धात कोटणीसांना दुसरा पर्याय फारसा नव्हता. रात्रपाळीनंतर पुन्हा दिवसपाळीला उभ्या राहणाऱ्या आजच्या तरुण डॉक्टरापुढे तो असायला हवा. जो हात उद्याही कोणाचा तरी रक्तस्राव थांबवणार आहे, तो सांभाळणे हाही उपचारांचाच भाग आहे. सावनेरच्या महामार्गावर एखाद्या रात्री जखमीजवळ पोहोचणाऱ्या डॉक्टरात कोटणीसांची तयारी असावी, आणि तो सकाळी सुखरूप घरी परतावा.