बाबासाहेबांचा आजार आणि आपली बेफिकिरी

बाबासाहेबांच्या विद्वत्तेबद्दल आपण भरभरून बोलतो. ज्या देहाने हा डोंगराएवढा भार वाहिला, त्या देहाच्या यातना मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतात.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन अभ्यास केला. पुढे महाड, नाशिक, गोलमेज परिषद, मजूरमंत्रिपद! विसावा असा मिळालाच नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद आले तेव्हा प्रकृती ढासळली होती. मधुमेह जडला होता, पाय असह्य दुखत होते. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार चालू होते. त्यांच्याच दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. पथ्य आणि इन्सुलिन त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडला. हा देह थकला, पण काम थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण.

त्या काळी उपचार ते किती होते? पथ्य आणि १९२१ साली टोरांटोत लागलेला इन्सुलिनचा शोध. साखरेच्या गोळ्या युरोपात नुकत्याच येऊ लागल्या होत्या. आज जगभर पहिले औषध म्हणून दिले जाणारे मेटफॉर्मिन रुग्णांवर वापरल्याचे डॉ. जाँ स्टर्न यांनी फ्रान्समध्ये प्रसिद्ध केले ते १९५७ साली. बाबासाहेब गेल्यानंतर!

आज मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर रोखते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. मात्र उपाशीपोटी घेतल्यास साखर एकदम उतरू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते, हृदय व मूत्रपिंडालाही जपते. मार्च २०२५ मध्ये त्याचे पेटंट संपले आणि ते स्वस्त झाले. मेटफॉर्मिन तर जनौषधी केंद्रात अगदी थोड्या पैशांत मिळते. कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांत आपली वस्तीही आली. बरे वाटले की आपण गोळी सोडतो, इन्सुलिन म्हणजे शेवट असे समजतो, कुणी सांगितलेला काढा पितो. पाय काळा पडल्यावर दवाखाना गाठतो. बुद्धिवादी धम्म स्वीकारणाऱ्यांना हे शोभते काय?

आम्ही एवढेच म्हणतो: येत्या ६ डिसेंबरला प्रत्येक विहारात रक्तातील साखर तपासली जावी. सरकारी आरोग्य केंद्रात गोळ्या नसतील तर त्यासाठीही मोर्चा निघावा. जे औषध बाबासाहेबांच्या नशिबी नव्हते, ते हाताशी असताना आपण हकनाक मरायचे कशाला?