कोसंबींचे चार पानी गणित

खानदेशच्या काळ्या मातीत पिकणाऱ्या कापसाच्या गुणसूत्रांचे नकाशे आखताना जगभरचे संशोधक एका गोमंतकीयाचे सूत्र वापरतात, हे जळगाव-धुळ्यात क्वचितच कुणाला ठाऊक असेल. दामोदर धर्मानंद कोसंबी ओळखले जातात ते इतिहासकार म्हणून. १९०७ साली गोव्यात जन्मलेले आणि हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, त्यांचा अवघ्या चार पानांचा निबंध ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

गुणसूत्रांच्या जोडीत एके ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल झाली, की लगत दुसरी होण्याची शक्यता घटते. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा परिणाम धरलेला नव्हता. कोसंबींनी तो हिशेबात घेतला आणि जनुकांमधील अंतर मोजण्याची वाट अधिक अचूक केली. जनुकशास्त्राची प्रयोगशाळा त्यांच्यापाशी नव्हती.

पुढे प्राचीन नाण्यांची वजने आणि भर्तृहरीच्या पोथ्या यांत ते रमले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नोकरी १९६२ मध्ये संपली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. डीएनएची अक्षरे वाचणारी यंत्रे तेव्हा जन्मलीही नव्हती. जनुकीय नकाशे करणाऱ्या संगणकप्रणाली मात्र आजही वापरणाऱ्याला विचारतात : हॉल्डेन की कोसंबी?