मिमार सिनान

मिमार सिनान (अंदाजे इ.स. १४९० – इ.स. १५८८) हा ओस्मानी साम्राज्याचा मुख्य वास्तुविशारद होता. तुर्की भाषेत मिमार या शब्दाचा अर्थ वास्तुविशारद असा आहे. इस्तंबूलमधील सुलेमानिये मशीद आणि एदिर्ने येथील सेलिमिये मशीद या त्याच्या सर्वाधिक प्रसिद्ध वास्तू होत.

पूर्वायुष्य

सिनानचा जन्म अनातोलियातील कायसेरीजवळ एका ख्रिश्चन कुटुंबात झाला. ख्रिश्चन प्रजेची मुले सक्तीने सुलतानाच्या सेवेत घेण्याच्या देवशिर्मे या पद्धतीनुसार त्याला घरापासून नेण्यात आले. इस्लाम स्वीकारल्यानंतर त्याने सुतारकाम शिकले व तो जॅनिसरी या पायदळात दाखल झाला. बेलग्रेड (१५२१), ऱ्होड्स (१५२२) व मोहाच (१५२६) या मोहिमांत तो सहभागी होता. सैन्यासाठी पूल व नौका बांधताना त्याचे कौशल्य दिसून आले. इ.स. १५३९ च्या सुमारास सुलतान सुलेमानने त्याची मुख्य वास्तुविशारदपदी नेमणूक केली. सुमारे ५० वर्षे, तीन सुलतानांच्या कारकिर्दीत, तो या पदावर होता.

घुमटांची रचना

इ.स. ५३७ मध्ये पूर्ण झालेल्या हागिया सोफियाचा सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट ओस्मानी वास्तुविशारदांपुढील मोठे आव्हान होते. सुलेमानिये मशिदीत (१५५०–१५५७) सिनानने चार खांबांवर मुख्य घुमट उभारून त्याला दोन बाजूंनी अर्धघुमटांचा आधार दिला. या घुमटाचा व्यास मात्र सुमारे २६ मीटर आहे.

दुसऱ्या सेलिमसाठी सेलिमिये मशीद बांधण्यास सुरुवात झाली, तेव्हा सिनानने वयाची सत्तरी ओलांडली होती. येथे त्याने अष्टकोनी रचना निवडून घुमटाचा भार आठ खांबांवर विभागला. खांब भिंतींच्या जवळ असल्याने प्रार्थनागृह अखंड व प्रकाशमान झाले. सुमारे ३१ मीटर व्यासाचा हा घुमट विस्ताराने हागिया सोफियाच्या तोडीचा आहे. जमिनीपासूनची त्याची उंची मात्र कमी आहे. मशीद प्रार्थनेसाठी खुली होण्यापूर्वीच, डिसेंबर १५७४ मध्ये सेलिमचे निधन झाले.

याच काळात सिनानने हागिया सोफियाची दुरुस्ती करून तिला आधारभिंतींनी बळकटी दिली. ज्या वास्तूशी त्याने स्पर्धा केली, तिच्या रक्षणातही त्याचा वाटा आहे.

वारसा

मशिदी, मदरसे, पूल, हमामखाने व जलवाहिन्या मिळून ३०० हून अधिक बांधकामे त्याच्या नावावर आहेत. सुलेमानिये संकुलालगत त्याची कबर आहे. सेलिमिये मशीद व तिच्या संकुलाचा २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.