पंडिता रमाबाई व सोपी मराठी

पंडिता रमाबाईंनीं अनाथ विधवांस आश्रय दिला, हें आमच्या मंडळ्यांतील लहानथोरांस ठाऊक आहे. परंतु आयुष्याच्या शेवटच्या अनेक वर्षांत त्यांनीं आपल्या भाषेची केवढी सेवा केली, हें थोड्यांसच माहीत असेल. म्हणून त्यांचें चरित्र ह्या दृष्टीनें येथें देत आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं कर्नाटकांतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, व लक्ष्मीबाईंनीं तें कन्येस शिकविलें. पुढें तीर्थाटन व दुष्काळ यांत आईबाप निवर्तले. सन १८७८ त कलकत्त्याच्या पंडितांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सन १८८० त विवाह व १८८२ त वैधव्य आलें. सन १८८३ त इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. सन १८८९ त त्यांनीं मुंबईस शारदासदन काढिलें. पुढें तें पुण्यास नेलें, आणि नंतर केडगांवीं मुक्ति सदन उभें राहिलें.

सन १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व तेथील निराधार मुली व विधवा त्यांनीं आपल्या आश्रयास आणिल्या. आमचा हा गोंदिया-दवनीवाड्याकडील मुलूखही तेव्हां मध्यप्रांतांतच होता. अशा निरनिराळ्या बोलींच्या मुलींस पुस्तकी मराठी कशी कळावी? जुन्या भाषांतरांत संस्कृत शब्दांचा भरणा फार. पंडितास जें सुगम, तें खेड्यांतील बाईस दुर्गम होतें.

वाचकहो, भाषा ही वाहत्या वैनगंगेसारखी आहे. पात्र एक, पाणी नित्य नवें. ज्ञानेश्वरी सन १२९० ची. तीनशें वर्षांच्या आंत तिच्या प्रतींत इतके पाठभेद शिरले कीं, सन १५८४ त एकनाथांस ती शुद्ध करावी लागली. मुसलमानी अमलांत कागद, बाजार, वकील हे शब्द आले. पोर्तुगिजांबरोबर पाव, चावी व आमचा पाद्री हा शब्दही आला. आगगाडीबरोबर स्टेशन व तिकीट आलें. राज्य, व्यापार व शेजार बदलला कीं शब्द बदलतात. आणि मूल आईची बोली शिकतांना तिच्यांत नकळत थोडा फेर करितें. दवनीवाड्याच्या बाजूस घरीं पोवारी, शाळेंत मराठी, बाजारांत हिंदी, असा तिहेरी व्यवहार चालतो. तेव्हां एकीचे शब्द दुसरींत जाणारच. ह्यांत बिघाड कांहीं नाहीं. जिवंतपणाचें हें लक्षण होय.

लिहिलेला ग्रंथ मात्र जागच्या जागीं राहतो. बोलणें पुढें जातें आणि दोहोंत अंतर पडतें. तें अंतर तोडण्यास रमाबाई सिद्ध झाल्या. वय पंचेचाळिशीच्या पुढें गेलेलें, ऐकूं कमी येऊं लागलेलें. तरी मूळ ग्रंथ कळावा म्हणून त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या, आणि संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणूं लागल्या. जिनें बालपणीं भागवत मुखोद्गत केलें, तिनेंच मोठमोठे संस्कृत शब्द बाजूस ठेवून साधे शब्द वेंचले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शब्दांस मागील अर्थ चिकटलेला असतो, म्हणून तेही त्यांनीं पारखून घेतले. खिळे जुळविणें, छापणें हीं कामें मुक्तींतील मुली व स्त्रियाच करीत.

सन १९२१ त एकुलती एक कन्या मनोरमा वारली; तरी हातचें काम त्यांनीं सोडिलें नाहीं. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूमध्यें निजल्या. ग्रंथ सन १९२४ त प्रसिद्ध झाला.

आज शंभर वर्षांनीं त्यांची ती सोपी मराठीही जुनी वाटूं लागली आहे. ह्यांत त्यांस उणेपणा नाहीं. भाषा पुढें गेली इतकेंच. हें काम प्रत्येक पिढीस नव्यानें करावें लागतें. म्हणून उपदेशकबंधूंस आमची विनंती अशी कीं, पोवारी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या म्हातारीस हंसूं नये. वचन वाचून झाल्यावर तें तिच्या शब्दांत सांगावें, आणि तिला कळलें कीं नाहीं हें तिलाच विचारावें.