पालवणकर बाळू

डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाचा चेंडू हवेतून संथपणे येतो, जमिनीवर टेकतो आणि ऐन वेळी बॅट चुकवून निघून जातो. या कलेत आपल्या देशात आरंभीच्या काळात ज्यांनी कीर्ती मिळवली, त्या पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले. समाज चर्मकारांचा, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेला.

वडील लष्करी नोकरीत होते. पुण्यास पारशी मंडळींच्या मैदानावर झाडलोट करण्याबद्दल बाळूला दरमहा तीन रुपये मिळत. पुढे तो युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर गेला. तेथे रूळ फिरवावा, जाळे बांधावे आणि मग साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकावेत, असा त्याचा दिनक्रम असे. बॅट मात्र कोणी त्याच्या हाती देत नसे. ग्रेग नावाचे निष्णात फलंदाज बाद झाले म्हणजे बाळूला आठ आणे देत, असे सांगतात. शिकण्यासाठी आपण पैसे मोजतो. येथे शिष्यालाच ते मिळत होते!

पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे की नाही, यावर बराच वाद होऊन अखेर त्यांना घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सारेच हाताळीत. विश्रांतीच्या वेळी मात्र बाळूंना चहा मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, भांड्याला होता.

पुढे ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा संघात बाळू आणि धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. आपल्या नाशिकात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तो १९३० साली, हे येथे ध्यानात घ्यावे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले.

एवढे करूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. वय, अनुभव, बळी सारे त्यांच्या बाजूस होते. जात तेवढी आड येई. १९२० साली त्यांना वगळले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. मग बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले.

बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.